वाकलेला टाय रॉड

बाबांच्या गॅरेजमधून भंगारात जाणारी एकच वस्तू आधी कापली जायची. फुटके सायलेन्सर, झिजलेल्या चेनी, तडे गेलेली मडगार्डं, सगळं पोत्यात जसंच्या तसं पडायचं. पण स्टिअरिंगचा वाकलेला रॉड निघाला की बाबा तो व्हाइसमध्ये घट्ट धरायचे, हॅक्सॉच्या पात्याला दोन थेंब ऑइल लावायचे आणि मधोमध कापून त्याचे दोन तुकडे करायचे. शाळेतून आल्यावर मी पायरीवर बसून हे बघत असे. जे टाकूनच द्यायचं त्याच्यासाठी एवढा घाम कशाला, असं एकदा विचारलं. "अख्खा दिला तर भंगारवाल्याकडून तो कुणीतरी उचलील," बाबा म्हणाले. "हातोडीने सरळ करील आणि कुणाच्या तरी गाडीला लावील. दिसायला तो सरळच दिसेल, बाय."

हे सांगणारा माणूस सहजासहजी काही टाकणारा नव्हता. आटे गेलेल्या नटाला पुन्हा आटे पाडणारा, जुन्या ट्यूबमधून वॉशर कापून घेणारा, गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचले की स्वतःचेच वाचल्यासारखा खूश होणारा. आमच्या अलिबाग तालुक्यात तेव्हा एखादा स्पेअर पार्ट हवा म्हणजे पेण नाहीतर थेट मुंबई गाठायची. वाकलेलं सरळ करणं आणि तुटलेलं जोडणं यावरच गॅरेज चालायचं. त्या सगळ्या कामाला बाबांनी दोनच ठिकाणी कुंपण घातलं होतं, ब्रेक आणि स्टिअरिंग. मला बरीच वर्षं वाटे की यामागे एखादा अपघात असणार, त्यांच्या हातून कधीतरी काही चुकलं असणार. मोठी झाल्यावर धीर करून विचारलं. तसं काहीच नव्हतं. ज्यांच्याकडे ते काम शिकले त्या उस्तादांनी सांगितलं होतं आणि त्यांना पटलं होतं. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं असं बाबांनाही कधी वाटलं नाही.

आता बाबांचे हात थरथरतात, गॅरेजचं शटर क्वचितच उघडतं. दादा समुद्रावर एटीव्ही भाड्याने देतो, म्हणजे त्या चार फुगीर चाकांच्या, मोटरसायकलसारख्या हँडलच्या गाड्या. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून मुंबईची माणसं आपली मोटार बोटीत घालून उतरतात आणि शनिवार-रविवारी किनारा भरून जातो. मी आठवडाभर पनवेलला नोकरी करते आणि सुट्टीला गावी येते. पर्यटकांना फिरवायला दादा आणि त्याची दोन पोरं, अंगणात गाड्या दुरुस्त करायला मी, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून माझ्या हातांवर नजर ठेवायला बाबा, अशी आमची वाटणी आहे.

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी लाल गाडी दोघांनी ढकलत आणली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं शेकड्यांनी आडवी झाली. पुढे खोडं नेली, पण काही बुंधे पुळणीत गाडलेले राहिले. एखाद्या भरतीला वरची वाळू वाहून जाते आणि काल नसलेला बुंधा आज वीतभर वर आलेला असतो. गाडीचं डावं पुढचं चाक त्याच्यावर आदळलं होतं. चालवणारे गृहस्थ आणि त्यांच्यापुढे बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी, दोघंही सुखरूप होती. मुलगी तर आणखी एक फेरी मागत होती. पण हँडल सरळ धरलं तर उजवं चाक समोर बघत होतं आणि डावं मात्र समुद्राकडे.

पायाने चालताना एखाद्याचं एक पाऊल फेंगडं पडावं तशी ती गाडी उभी होती.

एटीव्हीचं स्टिअरिंग मोटारीच्या मानाने फार साधं असतं. मोटारीसारखा गिअरबॉक्स किंवा रॅक मध्ये नसतो. हँडलखालून एक उभा दांडा निघतो, त्याला स्टेम म्हणतात. तो वर बुशमध्ये आणि खाली बेअरिंगवर फिरतो. त्याच्या तळाशी एक छोटी पट्टी वेल्ड केलेली असते आणि तिच्यापासून दोन बाजूंना दोन टाय रॉड निघून दोन चाकांच्या नकलना, म्हणजे चाक ज्याच्यावर बसून वळतं त्या तुकड्यांना, जाऊन मिळतात. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे चाक खड्ड्यात वरखाली झालं तरी रॉड त्याच्याबरोबर हलू शकतो. संपलं. माणसाच्या मनगटातलं वळण चाकापर्यंत पोचतं ते बोटाएवढ्या जाडीच्या दोन नळ्यांमधून. त्यातली एक वाकली म्हणजे तिची लांबी कमी झाली, आणि लांबी कमी झाली की ते चाक आपल्या मर्जीने दुसरीकडे वळून बसतं.

या गाड्यांची मूळ कुळी तीन चाकांची. होंडाने १९७० साली अमेरिकेत पहिली तीनचाकी आणली, फुग्यासारखे टायर लावलेली. तिला पुढे एकच चाक होतं, म्हणजे टाय रॉडचा प्रश्नच नव्हता. पण वळणावर ती उलटायची, पोरं जखमी व्हायची, आणि १९८८ साली अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. तोवर चारचाकी आल्या होत्याच. स्थिरपणासाठी पुढे दुसरं चाक आलं आणि दोन चाकांनी एकमेकांशी जुळवून घ्यायचं काम त्यांच्याबरोबर आलं. मला हे वाचल्यापासून टाय रॉड हातात घेतला की तो सगळा इतिहास हातात घेतल्यासारखा वाटतो.

दादा म्हणाला, "व्हाइसमध्ये धर आणि सरळ कर. दहा मिनिटांचं काम आहे. संध्याकाळपर्यंत चालवू, सोमवारी नवीन मागवू."

दादाला मी दोष देत नाही. वर्षाचे चार महिने पावसात किनारा बंद. उरलेल्या आठांत खरी कमाई ती सुट्ट्यांची, आणि त्या रविवारी सुरूच्या बनात माणसं रांग लावून उभी होती. चारांतली एक गाडी उभी राहिली म्हणजे दिवसाचा पाव हिस्सा गेला. शिवाय टाय रॉड नरम असतो, व्हाइसमध्ये धरून दोन ठोके दिले की खरंच सरळ होतो. डोळ्यांपुढे धरून पाहिलं तर रेषेत दिसतो. काम झाल्याचं समाधानही मिळतं. म्हणूनच ते इतकं सोपं वाटतं.

बाबांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. विहिरीच्या काठावर बादली होती, तिच्या कडीकडे त्यांनी फक्त बोट केलं.

त्या बादलीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. कडी एकदा वाकली, आईने दगडाने सरळ केली. पुन्हा वाकली, पुन्हा केली. मग एक दिवस भरलेली बादली अर्ध्या विहिरीत असताना कडी तुटली, आणि ज्या जागी ती पहिल्यांदा वाकली होती बरोबर तिथेच तुटली. लोखंड एका मर्यादेपर्यंत वाकवलं तर सोडल्यावर परत येतं. त्या मर्यादेपलीकडे गेलं की आतल्या रचनेतच कायमचा फरक पडतो. वळणाच्या बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. सरळ करताना हेच उलट्या दिशेने होतं, म्हणजे एकाच जागेवर दोनदा अत्याचार. तिथला धातू कडक होतो पण ठिसूळही होतो, आणि पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा पडतात. आट्यांच्या खाचेजवळ वाकलं असेल तर भेग सुरू व्हायला जागा आयतीच मिळते. तापवून सरळ केलं तर भेगा कदाचित कमी पडतील, पण कारखान्यात धातूला दिलेली ताकद त्या तापण्याने उतरते. डोळ्यांनी यातलं काहीही दिसत नाही. रंग मारला की मग तर विचारायलाच नको.

आणि ब्रेक जाताना निदान आधी सैल लागतो, आवाज करतो. टाय रॉड तुटतो तो एका क्षणात. तुटला की ते चाक मोकळं. ओल्या वाळूवर तिशीच्या वेगाने जाताना एक पुढचं चाक हवं तिकडे वळलं तर गाडी उलटायला वेळ लागत नाही, आणि पुढे बसलेली असते दुसरी फेरी मागणारी मुलगी.

"ही गाडी आज उभीच राहील," मी म्हटलं. दादाने मान हलवली आणि रांगेतल्या लोकांना समजावायला निघून गेला. तो रागावला होता हे चालीवरून कळत होतं.

नवीन रॉड पुण्याहून कुरिअरने यायला चार दिवस लागले. आमच्याकडच्या या छोट्या गाड्यांच्या पार्टवर भरवशाचा नंबर नसतो. दुकानदाराला नमुना मोजून सांगावा लागतो. टोकापासून टोकापर्यंत लांबी, आट्यांचा व्यास, बॉल जॉइंटच्या खालच्या निमुळत्या खिळ्याची मापं. लांबी मोजायची ती न वाकलेल्या उजव्या रॉडची, हे सांगायला नको, पण पहिल्या खेपेला मी वाकलेलाच मोजला होता आणि बाबांनी खुर्चीतूनच टकटक केलं होतं. एक रॉड मागवायचा होता, दोन मागवले. एवढ्या जोराने आदळलेल्या गाडीचा दुसरा रॉड तेवढा शाबूत असेल असं मानायला माझं मन घेत नाही. किंमत काही शेकड्यांची.

दादाने एक विचारलं होतं. बाजारात जाड, भरीव रॉड मिळतात, तेच बसवले तर पुन्हा वाकणारच नाहीत ना? प्रश्न बरोबर आहे. पण बुंध्याचा तो दणका कुठेतरी जिरायलाच हवा. रॉड वाकला म्हणून पुढची नकल वाचली, स्टेमखालची पट्टी वाचली. रॉड वाकायचा थांबला तर तो दणका तसाच पुढे सरकतो आणि स्टेम पिळतो किंवा वेल्डिंग उकलतो, आणि स्टेम म्हणजे अर्धी गाडी खोलायचं काम. ज्यांना दगडधोंड्यांत शर्यती करायच्या त्यांनी जाड रॉड घालावेत. किनाऱ्यावर पोरांना फिरवणाऱ्या गाडीत सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सगळ्यात सोपा तुकडा आधी वाकावा, हेच मला योग्य वाटतं.

रॉड काढण्याआधी बाकीचं तपासणं आलं. पुढून जॅक लावून दोन्ही चाकं अधांतरी केली. चाक घड्याळ समजून तीन आणि नऊवर धरायचं आणि डावी-उजवीकडे हलवायचं. खटखट लागली तर टाय रॉडचे जॉइंट गेले. मग बारा आणि सहावर धरायचं. तिथे खटखट असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा नकलच्या खुंटीत. तिसरी परीक्षा बाबांची स्वतःची. एकाने हँडल बोटभर इकडेतिकडे करायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने तळवा ठेवायचा. जो सांधा झिजलाय तो हाताला टिचकी मारल्यासारखा लागतो. बाबांना खुर्चीसकट जवळ नेलं. त्यांचा हात थरथरतो, पण सांध्यावर ठेवला की स्थिर होतो. उजव्या बाहेरच्या जॉइंटवर ते थांबले. "याचा बूट फाटलाय बघ."

फाटला होता, बोटभर. बॉल जॉइंटवर ग्रीस धरून ठेवणारी छोटी रबरी टोपी म्हणजे बूट. तिला चीर गेली की आत बारीक वाळू जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि ते ग्रीस पॉलिश पेपरचं काम करायला लागतं. त्यात आमचा खारा वारा. खाऱ्या पाण्यातून गाडी नेली आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतली नाही, तर आठवड्यात आट्यांवर तांबूस पीठ दिसतं आणि महिन्याभरात नट पान्याला दाद देत नाही. डोंगरात चालणाऱ्या गाडीचे जे जॉइंट काही वर्षं जातील ते आमच्याकडे एक हंगाम काढतात. मी पोरांना सांगून ठेवलंय की लाटेत गाडी घालायची नाही. पर्यटकांना फोटोसाठी नेमकं तेच हवं असतं.

जुना जॉइंट नकलमधून सुटणं ही वेगळीच मेहनत. त्याचा खिळा निमुळता असतो, टेपर म्हणतात, आणि तो भोकात पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो. नट काढला म्हणजे तो निघत नाही. शिकाऊ मुलं खालून आट्यांवरच हातोडी घालतात, आटे चपटे होतात आणि तरी तो हलत नाही. बाबांची पद्धत अशी की नट पूर्ण काढायचा नाही, दोन आट्यांवर राहू द्यायचा. मग नकलच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोड्या, आणि एकाच वेळी समोरासमोर ठोका. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर टकन खाली उतरतो. दुसरी हातोडी धरायला दादाच आला, बोलावल्याशिवाय. तिसऱ्या ठोक्याला सुटला.

नव्या रॉडचं एक वैशिष्ट्य मला अजूनही सुंदर वाटतं. एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे. त्यामुळे दोन्ही जॉइंट जागेवर बसवल्यावर नुसती मधली नळी फिरवली की रॉड लांब होतो किंवा आखूड होतो, काही खोलावं लागत नाही. दोन्ही टोकं सारखीच आत गेलेली हवीत. एक टोक जेमतेम चार आट्यांवर आणि दुसरं खोल, असं झालं तर मोजमाप जुळेल पण जोर पडल्यावर उथळ टोक सुटेल. नळी जागेवर पक्की धरणारे लॉकनट आवळताना दोन्ही जॉइंट एकाच पातळीत धरायचे, नाहीतर रॉड आखडतो. शेवटी कास्टल नट, म्हणजे डोक्यावर खाचा असलेला नट, आणि तो सुटू नये म्हणून त्यातून नवी स्प्लिट पिन. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. पिनेचे दोन पाय उघडून दुमडली की मी प्रत्येक वेळी मोठ्याने "पिन" म्हणते. बाबांना ऐकू जावं म्हणून सुरू केलं होतं, आता सवय झाली आहे.

वळताना आतल्या चाकाला छोटं वर्तुळ काढावं लागतं आणि बाहेरच्याला मोठं, म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं. हे घोडागाडीच्या काळातच लोकांच्या लक्षात आलं होतं. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन डॉक्टर होते, रोग्यांकडे रोज गाडीने जायचे. त्यांनी अठराव्या शतकातच आपल्या गाडीसाठी अशी रचना काढली होती. पुढे म्युनिकचे गाड्या बनवणारे गिऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि लंडनमध्ये त्यांच्या वतीने रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ साली तिचं पेटंट घेतलं. आकरमान चित्रं छापून विकणारे गृहस्थ, पण जगभर रचनेला नाव त्यांचंच लागलं. ज्यांनी डोकं लावलं ते म्युनिकचे कारागीर आमच्या आयटीआयच्या पुस्तकात कुठेच नव्हते. माझ्या मनाला ते लागून राहिलंय.

आमच्या अंगणात आकरमानचं गणित सुतळी, खडू आणि टेपवर चालतं. आधी दोन्ही टायरांची हवा सारखी केली. या टायरांत हवा फार कमी असते, पाच पीएसआयच्या आसपास. पेट्रोल पंपावरच्या मीटरला एवढं बारीक कळतच नाही, त्यासाठी कमी दाबाचं वेगळं मीटर लागतं. एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते आणि माणूस उगाच टाय रॉडला दोष देत बसतो. मग हँडल सरळ करून सुतळीने बांधलं. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध, पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूची खूण केली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. गाडी पुढे ढकलत खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणल्या आणि पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी हवं, म्हणजे चाकं किंचित आत बघणारी. आमच्या गाड्यांना मी ५ ते १० मिलिमीटर ठेवते. सुरुवातीला २२ येत होतं. दोन्ही रॉड सारखेच फिरवत ते ८ वर आणलं. एकच रॉड फिरवला असता तर आकडा जुळला असता आणि हँडल वाकडं राहिलं असतं.

आकड्यावर बाबांचा विश्वास आहे, पण पुरता नाही. एका संध्याकाळी ओहोटी होती. दादाने गाडी खाली नेली, बाबांना मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. नुकतंच पाणी हटलेल्या घट्ट वाळूवर दादाने गाडी सावकाश, हँडल न हलवता, पन्नासेक पावलं सरळ नेली. आम्ही मागून ठसे बघत गेलो. चाक जर सरळ गडगडत असेल तर टायरवरच्या उंच चौकोनी गठ्ठ्यांचा ठसा साच्यातून काढल्यासारखा उमटतो. चाक थोडंही तिरकं ओढलं जात असेल तर प्रत्येक चौकोनाची एक कड पुसलेली दिसते. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांवरून जातात म्हणून दादाने शेवटी गाडी जराशी वळवून पुढचे ठसे मोकळे केले होते.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. उजवा ठसा बघितला, पुढे झाले. डाव्या ठशापाशी बराच वेळ थांबले. मला तो अगदी स्वच्छ दिसत होता. त्यांनी बोटाने एक कड दाखवली, जिथे वाळूची धार किंचित बसली होती.

"पाव फेरा," ते म्हणाले. "दोन्हीकडे."

दादाने पाने आधीच खिशात आणले होते. उजेड जात आला होता, म्हणून त्याने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी डावा लॉकनट सैल केला.